निवांत : दुपारी ३.१० ते ३.४०

आमच्या मेव्हण्याला निवांतपणाचं भारी वेड. फक्त तो आधी ठरलेला, तक्त्यात बसवलेला आणि सगळ्यांच्या फोनवर पोचलेला असावा लागतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याने 'एक दिवस अलिबाग, एकदम निवांत' असा बेत जाहीर केला आणि शुक्रवारी रात्री सव्वाअकराला घरच्या ग्रुपवर तक्ता येऊन आदळला. पहाटे ५.४० : उठणे. ५.५० : चहा (अर्धा कपच, बोटीत सोय नाही). ८.१५ : बोट. ११.२० : समुद्र पाहणे. १२.४५ : ओहोटी. १२.५० : किल्ल्याकडे चालत प्रयाण. आणि पार खाली, जेवण आणि परतीची बस यांच्या बेचक्यात, ३.१० ते ३.४० : निवांत.

अर्धा तास. पुढे कंसात 'शक्य झाल्यास'.

ग्रुपवर अंगठे पडले. फक्त आईने विचारलं, "रविवारी तिथी कोणती?" आई दापोलीकडची. पण लग्न होऊन मुंबईत आल्याला पन्नास वर्षं झाली, त्यामुळे तिच्या प्रश्नांकडे उपासतापासाच्या खात्यातले म्हणून बघण्याची घरात पद्धत आहे. मेव्हण्याने तत्परतेने उत्तर दिलं : "काळजी नको काकू, उपास नाहीये. मासे चालतील." आईने पुढे काही लिहिलं नाही. त्या प्रश्नाचं काय झालं ते पुढे येईलच.

मुंबईहून अलिबागला दोन वाटा. एक रस्त्याची, शंभरेक किलोमीटर आणि मध्ये वडखळ. वडखळच्या नाक्यावर अडकलेल्या गाडीतली मुलं पुढच्या इयत्तेत उतरतात, असं म्हणतात. दुसरी वाट पाण्याची. गेटवेहून तासाभरात मांडवा आणि तिथून बसने पाऊण तासात अलिबाग. आता भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो बोटही आहे. २०२० साली ती सुरू झाली, तेव्हापासून ज्यांना मुंबईतून बाहेर पडायचं असतं पण मुंबईतली गाडी सोडवत नाही, त्यांची उत्तम सोय झाली. पार्किंगवरून भांडण करायला गाव बदलून मिळतं.

आम्ही साध्या बोटीने गेलो. बोट सुटली आणि मागे कुरव लागले. हे पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे तर लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून येतात आणि कशासाठी, तर गेटवे ते मांडवा या टापूत गाठ्या खाण्यासाठी. वरच्या डेकवर गाठ्यांची, कुरकुऱ्यांची पाकिटं फुटली होती. एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "बघ बाळा, निसर्ग!" बाळाने निसर्गाला मसाला शेव दिली. निसर्गाने ती हवेतच झेलली. या पक्ष्याचं पोट मासे पचवायला बनलं आहे हे कुणी सांगितलं, तर लोक म्हणतात, "खातोय ना आवडीने?" खातोच आहे. आपणही खातो. आपली पोटं काय गाठ्यांसाठी बनली होती?

मांडव्याच्या धक्क्यावर पाय ठेवताच निदान चार पुरुषांनी आवाज घोगरा करून आपलं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि गाव सांगितलं. १९९० च्या 'अग्निपथ'चं हे देणं मांडव्याला अजून फेडावं लागतंय. तिथल्या लोकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. रोज सगळ्या बोटींना हेच.

मग बस. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी वाड्या दिसत. आताही दिसतात, पण पाट्यांच्या फटींतून. 'सी टच', 'सी व्ह्यू', 'समुद्रापासून फक्त ७ मिनिटे'. सात मिनिटं कशाने, ते पाटीवर नसतं. चोंढीहून किहीमकडे फाटा जातो. या किहीममध्ये १९३० साली सलीम अली सुगरण पक्ष्याचा अभ्यास करत बसले होते. त्यांना दिसलं ते असं : नर अर्धवट घरटं विणतो आणि माद्यांना दाखवायला बोलावतो. मादी आत शिरून पाहणी करते. पसंत पडलं तर ती राहते आणि नर उरलेलं काम पूर्ण करतो. एकीची सोय लागली की हा पठ्ठ्या लगेच दुसरं अर्धं घरटं विणायला घेतो आणि पुढचं गिऱ्हाईक शोधतो. शंभर वर्षं होत आली. किहीमला आजही हाच धंदा जोरात आहे. फक्त त्यात पक्षी कमी झालेत.

अलिबाग गावाविषयी मुंबईकराला एकच गोष्ट पाठ असते, ती म्हणजे "अलिबागहून आलायस का?" बावळट माणसाला हे विचारायचं. कुणी विचारायचं? तर मांडव्याच्या बोटीचं परतीचं तिकीट खिशात आहे की गेटवेला हरवलं, हे ज्याला तीनदा चाचपावं लागतं त्याने. या वाक्यावर बंदी घाला अशी याचिका उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर. अलिबागकरांनी लावून घेतलं नाही. त्यांनी जागेचे भाव वाढवले.

वास्तविक या गावाइतका शहाणपणा मुंबईने कधी दाखवलेला नाही. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. बाहेरून बघितली तर सरकारी आवार, झाडं, शांतता. मेव्हण्याच्या तक्त्यात ती नव्हती, कारण तिथे खायला मिळत नाही. तिची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत होत. मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या तोवर सुईला काही त्रास नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडाशी ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि विजेची ट्राम धावायला लागली की सुई थरथरणार, नोंदींचा चुथडा होणार, हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई मूस. त्यांनी काय करावं? ट्रामविरुद्ध अर्ज केले नाहीत. शांत जागा शोधली. पोरबंदरचा दगड आणून, लोखंड टाळून, अलिबागला इमारत बांधली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, ताळा जमवला आणि १९०६ मध्ये सुईचा मुक्काम कायमचा अलिबागला हलवला. ट्राम १९०७ ला धावली. तोवर सुई स्थिरस्थावर झाली होती.

मुंबईच्या गडबडीला कंटाळून निवांतपणासाठी अलिबागला आलेली पहिली रहिवासी ही. गंमत म्हणजे ती कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यालाच आली. तेव्हा हा जिल्हाही कुलाबाच होता, पाण्यातल्या कुलाबा किल्ल्यावरून नाव पडलेला. १९८१ मध्ये त्याचं रायगड झालं. आणि ती एकदा आली ती राहिली. संध्याकाळी पाचच्या बोटीने परत गेली नाही, की चार वाजल्यापासून "ट्रॅफिक लागेल हं" म्हणत बसली नाही.

दुसरं उदाहरण तर त्याहून जुनं. अलिबाग म्हणजे अलीची बाग, आणि हा अली बेने इस्राएल समाजातला एक सधन बागाईतदार, असं गावात सांगतात. या समाजाचे लोक शेकडो वर्षं या पट्ट्यात राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले. आणि शनिवारी घाणा बंद. वाट्टेल ते होवो, शनिवारी बैल सुटा आणि माणूसही सुटा. म्हणून आसपासच्या गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' नाव ठेवलं. वीकेंड हा शब्द या किनाऱ्यावर पोचायच्या कितीतरी आधी इथे तो पाळला जात होता, आणि त्यासाठी कुणालाही बोट पकडावी लागत नव्हती. इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग अजून उभं आहे. त्यासमोरून आमची रिक्षा गेली तेव्हा मेव्हणा घड्याळ बघून म्हणाला, "सहा मिनिटं मागे आहोत."

सहा मिनिटं मागेच आम्ही किनाऱ्यावर पोचलो. रविवार असल्यामुळे समुद्रापेक्षा किनाऱ्यावर जास्त भरती होती. उंट होता. हो, उंट. कोकणातल्या दमट वाळूत, मानेला झुंबर लावून, आयुष्यात काय चुकलं याचा विचार करत उभा होता. शेजारी वाळूवर फिरवायच्या चार चाकांच्या फटफट्या, ढणाढणा. त्यातल्या एकीवर बसलेले आजोबा आपण आनंदात आहोत असं फोनला सांगत होते. कडेला मावश्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेल्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, चवीला गोडसर, कच्चा खावा असा. आमच्या बायकोने एका मावशींना विचारलं, "हा नक्की अलिबागचाच ना?" मावशी म्हणाल्या, "कांदा इकडचाच. गिऱ्हाईक मुंबईचं."

समोर किल्ला. सतरा बुरुजांचा, पाण्यात मांडी घालून बसलेला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीही एकत्र येऊन इथली एक मोहीम काढली होती. सहा हजारांच्या आसपास माणसं, जहाजं, तोफा, सगळा सरंजाम. किल्ला न घेताच परत गेले. हे मी मेव्हण्याला सांगायला नको होतं.

१२.५० झाले. मेव्हण्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्याकडे बघितलं. पाणी होतं तिथेच होतं. म्हणजे थोडं हललं होतं. पण मोझेसला दिला होता तसा रस्ता वगैरे काही नव्हता. किल्ला आणि आम्ही यांच्यामध्ये चांगला रुंद, हिरवट, लाटांचा पट्टा. मेव्हण्याने फोन काढला. फोन म्हणत होता : ओहोटी १२.४५. त्याने फोन समुद्राच्या दिशेने धरला. समुद्राने वाचला नाही.

घोडागाडीवाला चाकाला टेकून तंबाखू मळत होता.

"काय हो, ओहोटी झाली ना?" मेव्हण्याने विचारलं.

"झाली की."

"मग पाणी?"

"आज भांग हाय, दादा."

मेव्हणा दोन पावलं मागे सरकला. होळी तोंडावर होती, आणि आपला कुटुंबवत्सल दौरा आहे हे त्या माणसाला कसं सांगावं, हे त्याला कळेना. शेवटी आईच पुढे झाली. "नवमी आहे ना आज, वद्य नवमी. भांगच असणार," म्हणाली. "म्हणून तर तिथी विचारली होती."

आणि मग त्या वाळूत, उंटाच्या सावलीत, आईने जो वर्ग घेतला तो असा. भरतीची वेळ काढायला फोन लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. नवमी म्हणजे नऊ, नऊची पाऊणपट पावणेसात. पावणेसातला भरती, तिथून सहा तासांनी, पाऊण-एकला ओहोटी. वेळ मेव्हण्याच्या फोनने बरोबरच सांगितली होती. पण ओहोटी कधी, हा अर्धा प्रश्न झाला. ओहोटी किती, हा उरलेला. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमी-नवमीच्या सुमाराला दोघं काटकोनात, एकाची ओढ दुसरा खाऊन टाकतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. उधाणाच्या मोठ्या दिवसांत इथल्या भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. भांगाला त्याच्या निम्माही नाही. शाळेच्या भूगोलात दोन मार्कांना हे सगळं असतं. मेव्हण्याला त्या दोन मार्कांत दोनपैकी दोन होते. तो स्वतःच म्हणाला.

फोनवरच्या तक्त्यात वेळेशेजारी एक आकडा मीटरमध्येही होता. त्याने दाखवला. तो त्याला तापमानासारखा काहीतरी वाटला होता.

"गाडी जाईल ना पण?" बायकोने विचारलं.

"गाडी जाईल. घोडा पोहत नाय," गाडीवाला म्हणाला, आणि तंबाखू दाढेखाली सरकवला.

इथे खरी गोम आहे, आणि ती मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळली. पाऊणपटीचा हिशेब उलटा करून बघा. पाणी भरपूर हटतं ते अमावास्या-पौर्णिमा आणि त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत. त्या दिवसांत भरती बारा-एकच्या सुमाराला. म्हणजे भरपूर ओहोटी कधी? सकाळी सहा-सातला, नाहीतर संध्याकाळी सहा-सातला. भर दुपारी ओहोटी हवी असेल तर ती अष्टमी-नवमीचीच मिळणार, म्हणजे भांगाची. थोडक्यात, मुंबईहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाच्या पदरात चांगली ओहोटी पडूच नये, अशी व्यवस्था चंद्राने करून ठेवली आहे. किल्ला कोरड्या पायांनी बघायचा तर आदल्या रात्री गावात असायला हवं. कान्होजींचं आरमार नसेल, पण पहारा अजून चालू आहे.

जेवायला गेलो तर बाहेर वही. वहीत नाव लिहायचं, नंबर येईपर्यंत पायरीवर बसायचं. आमच्या आधी सव्वीस कुटुंबं. सव्वा तासाने आत गेलो. सगळ्यांनी सुरमई थाळी मागवली, कारण सगळे सुरमई थाळीच मागवतात. आईने बोंबील विचारले. वाढणारा मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "बोंबील इथले आहेत आजी, ताजे. सुरमई रविवारी पुरत नाही, ती मुंबईहून येते." म्हणजे ज्या सुरमईसाठी आम्ही पाच-चाळीसला उठलो होतो, ती आमच्याच शहरातून आमच्या आधी निघाली होती, आणि वडखळमार्गे आली असल्यास आमच्यापेक्षा जास्त दमलेली होती. सोलकढी मात्र चांगली होती. आणखी मागितली. तिचे पैसे लावले.

यात तीन चाळीस झाले. निवांतपणाची वेळ पायरीवर, वहीच्या शेजारी निघून गेली होती. मेव्हणा म्हणाला, "आता थेट बस." तेव्हा आई किनाऱ्याच्या कठड्यावर जाऊन बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या बसने येते." बहात्तर वर्षांच्या बाईला सोडून पुढे कोण होणार? सगळेच बसलो. तक्त्यात नसलेला तास. पाणी हळूहळू वर यायला लागलं होतं. भांगाचंच, बेताने. फटफट्यांचा आवाज चालूच होता. उंट गेला होता. मुलांनी ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं शोधली. बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी असते, ती या खेकड्यांनी वाळूतलं खाद्य चाखून टाकलेली असते, हे आईने त्यांना दाखवलं. मेव्हणा दहा मिनिटं फोनवर पुढच्या बोटीची वेळ बघत होता. मग रेंज गेली. मग तोही गप्प बसला आणि त्याला डुलकी लागली. तोंड उघडं. फोटो माझ्याकडे आहे, ग्रुपवर टाकलेला नाही.

घरी पोचायला साडेनऊ वाजले. रात्रीच मेव्हण्याचा नवा तक्ता आला. हार मानणाऱ्यातला तो नव्हे. त्याने पंचांगाचं ॲप उतरवून घेतलं होतं, पाऊणपट लावली होती, मीटरचा आकडाही धरला होता. निष्कर्ष : वद्य चतुर्थी उत्तम. चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी, उधाण नुकतंच सरलेलं, पाणी पुरेसं उतरलेलं, आणि उजेडही भरपूर. फक्त त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम. आणि ती चतुर्थी येते येत्या बुधवारी.

त्याने रजेचा अर्ज केला. कारण या रकान्यात 'ओहोटी' लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि त्याला बसायला सांगून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. रजा मिळाली नाही. मला बुधवारी हे सदर द्यायचं असतं. बायकोचं ऑडिट आहे. मुलांची परीक्षा.

आई जाते आहे. मंगळवारी दुपारच्या बोटीने, भिशीतल्या दोन मैत्रिणींसोबत. एका दिवसाने अंगारकी हुकली म्हणून तिघी जरा हळहळल्या, पण संकष्टी आहेच. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. नऊला चालत जायचं, दर्शन घ्यायचं, पाणी फिरायच्या आत परत. उपास असल्यामुळे सुरमईचा प्रश्न नाही. तक्ता पाठवू का, असं मेव्हण्याने विचारलं. नको म्हणाली.